जुनी जावा, येझदी, बुलेट: आधी चालवायला शिका, मग मेळाव्याला जा, मग घ्या

जुलैचा दुसरा रविवार जगभरातले जावा मोटरसायकलवाले आपला दिवस म्हणून पाळतात. पुण्या-मुंबईसह अनेक गावांत त्या सकाळी जावा-येझदीच्या रांगा लागतात. बुलेटवाल्यांचा मोठा जमाव नोव्हेंबरात गोव्यात वागातोरला होतो. जुन्या गाडीच्या प्रेमात माणूस पडतो तो बहुधा अशाच ठिकाणी, आणि तिथेच त्याची फसगतही होते. मेळाव्यातली गाडी घरून चालवत आणलेली, म्हणजे गरम असते. ती पुसलेली असते आणि तिच्या सगळ्या खोडी माहीत असलेला मालक तिला एका किकमध्ये चालू करतो. तुम्ही बसलात की तीच गाडी गिअर घेत नाही, बंद पडते, किक उलटी मारते. दोष गाडीचा की तुमच्या पायाचा, हे तुम्हाला कळत नाही. म्हणून या लेखाचा क्रम असा: आधी चालवायला शिकणे, मग मेळाव्यात डोळे उघडे ठेवणे, मग थंड इंजिनावर तपासणी, आणि पैसे देण्याआधी कागद.

शिकायला कुठली गाडी

'विथ गिअर' दुचाकीचे लायसन्स आधी हवे. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तोवर साध्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीवर क्लच आणि गिअर हाता-पायात मुरवून घ्या. क्लच कुठे धरतो हे न बघता कळायला लागले की जुन्या गाडीकडे वळा. आरडी 350 (म्हणजे राजदूत 350) वर शिकू नका. 1983 पासून इथे बनलेल्या या 347 सीसीच्या टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरच्या जुळ्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांवर एकदम येते, आणि ब्रेक मात्र तिच्या मानाने तोकडे आहेत. येझदी किंवा बुलेट 350 शांत स्वभावाच्या आहेत. दोन्हींची तऱ्हा मात्र वेगळी.

जावा-येझदीत गिअरचा दांडा आणि किक एकच. डाव्या बाजूचा दांडा इंजिनाकडे आत दाबायचा आणि मागे फिरवून उभा करायचा, की त्याची किक होते. किक मारून पाय काढला की दांडा स्प्रिंगने पुन्हा गिअरच्या जागी यायला हवा. येत नसेल तर आतली स्प्रिंग थकलेली आहे, ही खूण विकत घेताना लक्षात ठेवा. पहिला गिअर खाली, बाकीचे तीन वर, न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. या गाड्यांत गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप उचलला जातो, त्यामुळे क्लच न धरताही गिअर पडतो. जाणकार ही करामत हौसेने दाखवतात. शिकताना मात्र हाताचा क्लच धरूनच गिअर टाका, नाहीतर दुसऱ्या गाडीवर बसल्यावर सवय नडेल. आपोआप क्लचची आणि हाताच्या क्लचची ॲडजस्टमेंट एकमेकांत गुंतलेली असते. एक चुकली की क्लच घसरतो किंवा पूर्ण सुटत नाही, आणि नवखा गिअरबॉक्सला दोष देत बसतो.

जुन्या चार गिअरच्या बुलेटमध्ये सगळे उलटे: गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, पुढचे तीन खाली. आणीबाणीत मेंदू सवयीचा पाय दाबतो, म्हणजे ब्रेकऐवजी गिअर दाबला जातो. याला एकच उपाय. मोकळ्या मैदानात ताशी वीसच्या वेगाने जाऊन ठरलेल्या रेषेवर थांबायचे, पाय विचार न करता डावीकडे जाईपर्यंत. मगच रस्त्यावर. गिअरच्या दांड्यामागे एक छोटा दांडा असतो, तो टाचेने दाबला की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमधून गाडी थेट न्यूट्रलला येते. पहिल्यातून येत नाही. सिग्नलला पहिल्यात थांबून न्यूट्रल शोधत बसणारे खूप दिसतात. खरे तर थांबण्याआधी दुसऱ्यात असतानाच तो दांडा दाबायचा.

बुलेटची किक ताकदीची नाही, क्रमाची आहे:

1. जाड तळाचा बूट घाला. चपलेवर किक मारू नका.
2. पेट्रोलचा कॉक उघडा, गार इंजिन असेल तर चोक द्या, चावी फिरवा.
3. किक सावकाश दाबत न्या. पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारी टोके) बंद असताना ॲमीटरचा, म्हणजे चार्जिंग दाखवणाऱ्या घड्याळाचा, काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आला आणि किक जड होऊन अडली, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याजवळ आहे.
4. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा दांडा) ओढा, किक अगदी थोडी पुढे सरकवा, डिकॉम्प्रेसर सोडा.
5. किक पूर्ण वर येऊ द्या. मग ॲक्सिलरेटर न देता एकच पूर्ण किक मारा, शेवटपर्यंत.

अर्धवट किक मारली तर ती उलटी येते आणि घोटा किंवा गुडघा धरते. नीट मारूनही सारखी उलटी येत असेल तर टायमिंग जास्त ॲडव्हान्स आहे, म्हणजे ठिणगी फार लवकर पडते, तुमचा पाय निर्दोष आहे. गुडघा ताठ ठेवून किक मारू नका.

टू-स्ट्रोकची एक गोष्ट फोर-स्ट्रोकवाल्यांना उशिरा कळते. इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळते. खंबाटकी किंवा वरंधा घाट ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्ये उतरत राहिलात, तर फेऱ्या जास्त आणि तेल जवळजवळ नाही, अशी अवस्था होते. उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा उघडून इंजिनाला तेल पाजा. चालता चालता आवाज एकदम आवळल्यासारखा झाला, गाडी मागे ओढली गेली, तर आधी क्लच धरा. पिस्टन जाम होत असताना क्लच उशिरा धरला तर मागचे चाक घासत जाते.

ब्रेक ड्रमचे आहेत. आजच्या डिस्कच्या सवयीने पुढच्या गाडीच्या मागे चिकटू नका. पाण्यातून गेलात की ब्रेक हलके दाबून चालवत सुकवा. सहा व्होल्टचा दिवा रात्री हायवेला पुरत नाही. रात्रीचा प्रवास टाळा, त्यात बहाद्दुरी काही नाही.

मेळाव्यात काय करायचे

घ्यायची नाही. निदान त्या दिवशी तरी नाही. मेळावा शिकायला आहे. एकाच मॉडेलच्या दहा गाड्या शेजारी उभ्या असतात, असा अभ्यास दुसरीकडे होत नाही. कुठल्या गाडीच्या टाकीचा आकार वेगळा, कुणाचा हेडलॅम्प बदललेला, कुणाचे मडगार्ड दुसऱ्या मॉडेलचे, हे पाहा. तीन-चार मालकांना वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारा: या मॉडेलचे आता काय मिळत नाही? सगळ्यांच्या उत्तरात जो पार्ट येतो, तो तुमच्या गाडीवर आधीच असला पाहिजे.

इतिहास थोडा पाठ हवा, कारण भाव त्यावर ठरतो. चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 250 सीसीच्या गाड्या बनू लागल्या. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला नाव येझदी झाले आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. यातून एक सोपी परीक्षा निघते. टाकीवर जावाचा बिल्ला आहे आणि आरसीवर उत्पादनाचे वर्ष 1982, म्हणजे ती येझदी आहे, जावाचे कपडे घातलेली. बिल्ले, टाकीचे रबरी पॅड, हँडलची टोपणे, सगळे नवे बनवलेले मिळते. अशी गाडी वाईट असते असे नाही, फक्त तिला जावाचा भाव द्यायचा नाही. 2018 मध्ये परत आलेली जावा वेगळीच, पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक. तिचे पार्ट जुन्या गाडीला उपयोगाचे नाहीत.

राजदूत 175 स्वस्तात मिळते आणि शिकायला बरी आहे. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून आलेली ही साधी, सोशिक गाडी दूधवाल्यांनी वर्षानुवर्षे ओढली. त्यामुळे कॅनच्या ओझ्याने मागची फ्रेम वाकलेली नाही ना, एवढे आधी बघा.

गाडी आवडली तर मालकाचा नंबर घ्या आणि सांगा, "एका सकाळी येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." यावर कुरकुर करणाऱ्याची गाडी सोडून द्या.

थंड गाडीची तपासणी

सोबत न्यायचे: टॉर्च, 21 नंबरचा प्लग पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पात्या), फडक्यात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक, दोन लांब सुतळ्या, कोरा पांढरा कागद आणि मऊ पेन्सिल.

गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. कोमट असेल तर चहा घ्या, दोन तास थांबा किंवा परत या.

मग टाकी. झाकण उघडून टॉर्च मारा. आत तांबूस पापुद्रे दिसले तर कार्बोरेटरही भरलेला असणार. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी मिसळलेला थर टाकीच्या तळाशी बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात. नळी बोटाने चेपून बघा. टाकीवर, मडगार्डवर चुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे रंगाखाली पुटी आहे, कधी अर्धा सेंटिमीटरसुद्धा.

आता प्लग काढा. टू-स्ट्रोकचा प्लग तपकिरी असावा. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि जाम होण्याची भीती. काळाकुट्ट आणि ओला म्हणजे तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर. प्लगचा गॅप 0.5 ते 0.6 मिलिमीटर, पॉइंटचा साधारण 0.4. प्लगच्या भोकातून एक लाकडी काडी पिस्टनवर टेकवा, पिस्टन माथ्यापासून अर्ध्यावर खाली आणा आणि फ्लायव्हील मागेपुढे अगदी थोडे हलवा. फ्लायव्हील हलते आणि काडी हलत नाही, असा मोकळेपणा जाणवला तर कनेक्टिंग रॉडची मोठी बेअरिंग गेली आहे. हे क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, काम. इंजिन पूर्ण उघडावे लागते, प्रेसवर क्रँक खोलून पुन्हा सरळ बसवावी लागते, आणि सरळ बसवू शकणारा कारागीर प्रत्येक गावात नसतो.

येझदीच्या सिलिंडरला दोन एक्झॉस्ट. प्रत्येकाचा पाइप मोठ्या गोल नटाने थेट सिलिंडरच्या आट्यांवर आवळलेला असतो. हे आटे झिजले की नट सुटतो आणि गाडी फटफटते. मग लोक तार बांधून किंवा एम-सील लावून वेळ मारून नेतात. नट हाताने हलवून बघा. सिलिंडर किती वेळा बोअर झाला (आतून घासून मोठा केला) आहे, हेही विचारा. 65 मिलिमीटरच्या मूळ बोअरनंतर पिस्टन 0.25 मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे होत जातात. शेवटच्या मापावर पोचला असेल तर आत नवी स्लीव्ह (नळी) घालावी लागेल.

मग गाडी चालू करायला सांगा, पण किक तुम्ही मारा. सुरुवातीचा निळसर-पांढरा धूर ठीक आहे. पाच मिनिटांनीही दाट पांढरा धूर निघत असेल आणि गिअर ऑइल वारंवार कमी होते असे मालक कबूल करत असेल, तर क्रँकचे डावे सील गेले आहे. त्या बाजूला प्रायमरी चेन आणि गिअरबॉक्सचे तेल असते, इंजिन ते ओढून जाळते. उजव्या, डायनामोच्या बाजूचे सील गेले तर धूर होत नाही, हवा आत येते. मिश्रण पातळ होते, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर फेऱ्या लगेच खाली येत नाहीत, वरच लटकतात. पहिला दोष दिसतो म्हणून लोक त्याला घाबरतात. खरा घातक दुसरा, कारण तो पिस्टन जाळतो.

बुलेटचे निदान थोडे निराळे. उभ्या गाडीतले तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते, म्हणून चालू केल्यावर थोडा वेळ धूर येऊन थांबला तर काळजी नको. ॲक्सिलरेटर देताना निळा धूर म्हणजे रिंग किंवा बोअर. बराच वेळ आयडलवर ठेवून ॲक्सिलरेटर दिल्यावर एकच भपका म्हणजे व्हॉल्व्ह गाइड. उजवीकडचे टॅपेटचे झाकण एका नटावर असते, उघडू द्या म्हणा. गार इंजिनात पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असताना पुशरॉड बोटांनी फिरले पाहिजेत, पण वर-खाली खडखडता कामा नयेत. चालू इंजिनात सिलिंडर हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करा, तेल झिरपले पाहिजे. नाही झिरपले तर तेलाचा पंप किंवा नळी तुंबली आहे.

इंजिन काहीही असले तरी फ्रेम सरळ हवी. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी जमिनीलगत सुतळी ताणून पुढच्या टायरपर्यंत न्या. पुढचा टायर अरुंद असल्याने दोन्हीकडे फट राहील, ती सारखी असावी. एकीकडे जास्त म्हणजे फ्रेम, फोर्क किंवा मागचे चाक वाकडे. मागचे चाक चेन ॲडजस्टरने सरळ होते, बाकीचे नाही. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी खाचेत बसल्यासारखे अडले तर कोनसेट (हँडलच्या बेअरिंग) गेला आहे, पण ते काम स्वस्त आहे. जावा-येझदीची चेन बंद चेनकेसमध्ये असल्याने बाहेरून छान दिसते आणि आत गंजलेली निघते. हाताने चाक फिरवून आवाज ऐका.

शेवटी दिवा लावून ॲमीटर किंवा चार्जिंगचा लाल दिवा बघा. सहा व्होल्टचा डायनामो मरत आला असेल तर हेडलाइट लावल्यावर चार्जिंग पडते. बारा व्होल्टची किट बसवलेली असेल तर रोज चालवायला उलट बरे, पण गाडी मूळ स्वरूपात राहिली नाही. पुढे व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर हे आडवे येऊ शकते.

कागद

मशीन दुरुस्त होते. कागद दर वेळी होतातच असे नाही. चेसिस नंबर हेडस्टॉकवर (फ्रेमची हँडल बसते ती नळी) आणि इंजिन नंबर क्रँककेसवर, दोन्ही फडक्याने साफ करा, वर कागद ठेवून पेन्सिलने घासा आणि ठसा घ्या. आरसीशी एकेक आकडा जुळवा. आकडे वेगवेगळ्या उंचीचे, आजूबाजूचा धातू घासलेला किंवा तिथेच ताजा रंग दिसला तर पुढे बोलू नका.

1989 च्या आधीच्या नोंदणीचे नंबर तीन अक्षरे नि चार आकडे असे आहेत. अशा बऱ्याच गाड्या ऑनलाइन दिसतच नाहीत, कारण जुन्या रजिस्टरातून नोंद संगणकावर चढवलेली नसते. त्या आरटीओत जाऊन नोंद चढवून घेणे हे विकणाऱ्याचे काम, सौद्याआधीचे. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते. ती किती वर्षे थकली आहे, पर्यावरण कर भरला आहे का, हे विचारून त्या रकमा भावातून वजा करा.

सगळ्यात जास्त घोळ टीटी फॉर्मचा, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मचा, होतो. आरसीवर एकाचे नाव, गाडी तिसऱ्याच्या ताब्यात, आणि मधल्याने सह्या केलेले कोरे फॉर्म 29-30 हातात. आरसीवरचा मालक हयात असेल तर त्याला भेटल्याशिवाय पैसे देऊ नका. वारला असेल तर आधी वारसाने फॉर्म 31 वर गाडी स्वतःच्या नावावर करावी, मग तुमच्या. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म 35. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत, परराज्यात 45 दिवसांत कळवायचे असते. घेणाऱ्याला 30 दिवस.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपातली गाडी 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, नंतर पाच-पाच वर्षांसाठी 5,000. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच बाहेर काढायची. रविवारी सकाळी सिंहगडला जायचे असेल तर साधी नोंदणी टिकवणेच बरे. विमा आणि पीयूसी तेव्हाही लागतेच. मार्च 2000 आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आहे, आणि नीट ट्यून केलेली येझदी त्यात बसते.

सौदा आणि पहिले पाचशे किलोमीटर

जुन्या गाडीला छापील भाव नसतो. ओळखीच्या मिस्त्रीकडून क्रँक, बोअर-पिस्टन, सील आणि कागदांचा खर्च काढा, चालू स्थितीतल्या तशाच गाडीच्या भावातून वजा करा, आणि त्या आकड्यापासून बोला. इसार द्यायचा तर पावतीवर चेसिस नंबर आणि "कागद नावावर न झाल्यास परत" हे शब्द हवेत. बाकीची रक्कम बँकेतून द्या. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट करा.

गाडी टेम्पोतून आणा. पट्टे फोर्कच्या खालच्या यॉकला बांधा, हँडलला बांधलेत तर ते वाकते. घरी आल्यावर टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. येझदीसाठी वेगळ्या कॅनमध्ये एक लिटर पेट्रोलला 40 मिली टू-टी तेल मिसळून हलवा आणि मग टाकीत ओता. टाकीतच तेल ओतले तर ते तळाशी बसून आधी प्लग खराब करते. "थोडे जास्तच टाकतो" हा सल्लाही ऐकू नका. तेल वाढले की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते, मिश्रण पातळ होते आणि प्लगही काळा पडतो.

गिअर ऑइल बदला. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला. पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग एकदमच नवे टाका, म्हणजे पुढचा बिघाड कुठला ते कळेल. स्पेअर पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, आणि जुन्या वस्तू चाळायची चिकाटी असेल तर बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. तिथे मूळ पार्ट सापडतात, पण माप घेऊनच घ्या, 'बसेल' या शब्दावर नको. पहिले पाचशे किलोमीटर ताशी पन्नासच्या आत, आणि दर शंभर किलोमीटरनंतर इंजिन गार असताना सिलिंडर हेडचे, एक्झॉस्टचे आणि इंजिन माउंटिंगचे नट आवळून घ्या. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल जळेपर्यंत इंजिन चालू ठेवा.